व्याह्यांनी इस्पिक वाढवलं

ब्रिज हा चौघांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते खोटं आहे. ब्रिज हा एका शहाण्या माणसाने तिघांविरुद्ध खेळायचा खेळ आहे. त्या तिघांतला सगळ्यात धोकादायक माणूस आपल्या समोर बसलेला असतो आणि त्याला भिडू म्हणतात.

हे मी रागाने बोलतोय असं कोणाला वाटेल, तर बरोबर वाटेल. पण मी मुळात रागीट नाही. मी बरोबर असतो, आणि बरोबर असलेल्या माणसाला आमच्या महाडात जरा मोठ्याने बोलावं लागतं, एवढंच. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी उभी नोकरी काढली. तिथे माप चुकलं की स्फोट व्हायची भीती असायची. माझ्या हाताखाली एकही स्फोट झाला नाही. आता हाताखालचे लोक म्हणत, की साहेबांचा आवाज ऐकून रसायनंसुद्धा गप्प बसतात, तर त्यात माझा काय दोष?

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ सबंध तालुक्यासाठी, थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या हातात तेरा पानं. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. खेळ सुरू होण्याआधी बोली होते. एक आकडा आणि एक रंग, 'एक इस्पिक', 'दोन बदाम', बस्स. त्यापलीकडे भिडूशी बोलायचं नाही, डोळा मारायचा नाही, खाकरायचं नाही. त्या दोन शब्दांवरून त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं. मी 'एक इस्पिक' म्हणालो आणि भिडू 'दोन इस्पिक' म्हणाला, तर त्याने माझा रंग वाढवला. म्हणजे त्याच्याकडेही इस्पिकची पानं आहेत, घाबरू नका, पुढे चला. नसतील तर त्याने मुकाट्याने 'पास' म्हणायचं. यात न कळण्यासारखं काय आहे, हे मी आजवर अनेक भिडूंना विचारलं आहे. त्यांतले बरेचसे आता बुद्धिबळ खेळतात.

एकटा मुदस्सरशेठ टिकला होता, कारण त्याला एका कानाने कमी ऐकू येतं आणि तो कान तो माझ्या बाजूला करून बसायचा. आमच्या ब्रिज मंडळाची वार्षिक स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आणि मुदस्सरशेठ म्हणाला, की तसनीमच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, बाळंतपणासाठी तो कुवेतला चाललाय. मी त्याला विचारलं, की कुवेतमध्ये डॉक्टर नाहीत का आणि तू तिथे जाऊन नक्की काय करणार आहेस? त्यावर त्याने दुसरा कानही फिरवला.

त्यात स्पर्धेच्या परवानगीची भानगड. मंडळाचा चिटणीस मीच, त्यामुळे अर्ज घेऊन मीच गेलो. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, मला पुन्हा तिथे जायचं आहे. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "पैसे लावता?"

"नाही."

"मग खेळता कशाला?"

"बुद्धीला चालना मिळते."

"पत्त्यांनी?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की माझे कान तापले. शेवटी त्यांनी स्टँपपेपरवर हमी मागितली, आणि वर स्वतःच्या हाताने विषय लिहिला, 'जुगार नसलेल्या पत्त्यांबाबत'. त्या कागदाखाली सही करताना माझी मान खाली गेली ती गेलीच.

पण हे सगळं किरकोळ होतं. खरं संकट घरात चहा पीत बसलं होतं.

आमची श्रुतिका पुण्याला नोकरी करते. तिथे तिने आणि ऋत्विक उतेकरने परस्पर लग्न ठरवलं. मुलगा चांगला आहे, मला नाव ठेवायला जागा सापडली नाही, आणि मी शोधली नव्हती असं नाही. त्याचे वडील हैबतराव पोलादपूरच्या बाजूचे. तरुणपणी मुंबईत टेंपो चालवले, मग टेंपोंचे मालक झाले, आणि आता गावी येऊन भात, काजू आणि भावकी सांभाळतात. आवाज मऊ, चालणं सावकाश, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायची वाईट सवय. साखरपुडा पोलादपूरला त्यांच्या अंगणात, स्पर्धेनंतरच्या रविवारी ठरला होता. त्याचंच बोलायला ते आले होते, आणि मी टेबलावर एकटाच पत्ते मांडून मुदस्सरशेठला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

"पत्ता आमीपण खेळायचो," हैबतराव म्हणाले. "मुंबैला, गाववाल्यांच्या खोलीत. मेंढीकोट."

मेंढीकोट म्हणजे ब्रिजचा आतेभाऊसुद्धा नव्हे, हे मी सांगणार तोच आमची रेश्मा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग तुम्हीच बसा की यांच्याबरोबर. यांचा भिडू कुवेतला गेलाय, आणि गावातलं दुसरं कोणी यांच्यासमोर बसत नाही."

दुसऱ्या कोणी असं सुचवलं असतं तर मी त्याला दार दाखवलं असतं. पण मुलाच्या वडिलांना 'तुम्हाला येणार नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? हैबतराव म्हणाले, "पावन्यांनी शिकवलं तर बसतो की." रेश्मा इतकी खूश झाली, की तिने आणखी पोहे टाकले.

रात्री श्रुतिकाचा फोन आला. "बाबा, मला आईने सांगितलं. मला भीती वाटते."

"कशाची?"

"तुमची. ऋत्विकचे बाबा फार मानी आहेत. ते ओरडत नाहीत, भांडत नाहीत, पण एकदा उठून गेले की परत त्या दारात येत नाहीत. सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे त्यांचं. टेबलावर एक शब्द बोलू नका. मला हे लग्न करायचंय, बाबा."

मी शब्द दिला. शब्द देताना माणसाला वाटतं, की देणं अवघड असतं.

तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी जिन्यात गाठून सल्ला दिला, तोही न मागता. "मुलीकडची बाजू आहे तुमची, दळवीसाहेब. गिळायचं. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात वरातीतल्या घोड्याचीसुद्धा माफी मागितली होती." घोड्याचं काय बिनसलं होतं, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं. पण तेव्हापासून जो भेटेल तो मला हेच सांगे. दूधवाला, केशकर्तनालयवाला, निवृत्त तलाठी. मुलीचा बाप, नमतं घ्या. मुलीचा बाप, जरा सबुरीने. मी काही गुन्हा केला होता का? एक हुशार मुलगी वाढवली होती. पण सबंध गाव मला असं सांभाळून घेत होतं, की मला जामिनावर सोडलंय असं वाटायला लागलं.

मी हैबतरावांना चार संध्याकाळी शिकवलं. त्यांनी कधी प्रश्न विचारला नाही. मी म्हणालो, "मी रंग बोललो, की तुमच्याकडे त्याची काय परिस्थिती आहे ते मला समजायला हवं. तुम्ही वाढवलंत की मला बरोबर कळतं."

"वाढवायचं," ते म्हणाले. मग जरा विचार करून हसले. "चांगला हाय खेळ. घरंदाज हाय."

ब्रिजला घरंदाज म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. मला बरं वाटलं, आणि तिथेच मी फसलो.

स्पर्धेचा दिवस उजाडला. हॉलमध्ये आठ टेबलं मांडली होती. भिंतीवरची पुराच्या पाण्याची खूण रंग देऊनही दिसत होती आणि तिच्याखाली आमचं टेबल आलं. पहिल्याच फेरीत चिठ्ठी निघाली ती रऊफभाई आणि बुद्धरत्न सरांची. रऊफभाई आखातात बरीच वर्षं काढून आलेले, आता बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. बुद्धरत्न सर हायस्कूलला गणित शिकवतात आणि पानं अशी धरतात, जणू पेपर तपासायला घेतलेत. दरवर्षी मला हरवणारी जोडी हीच. खेळ बघायला मागे दोन रांगा खुर्च्या होत्या, आणि त्यांत सुंदराबाईसुद्धा होत्या. त्यांना ब्रिज येत नाही. त्या मला बघायला आल्या होत्या.

पहिला डाव. माझ्याकडे इस्पिकची सहा पानं. मी बोललो, "एक इस्पिक."

रऊफभाई पास. हैबतराव पानांकडे बघून शांतपणे म्हणाले, "तीन इस्पिक."

तीन. नुसतं वाढवलं नाही, उडी मारून वाढवलं. माझं मन भरून आलं. चार संध्याकाळी शिकवलेला माणूस एवढ्या आत्मविश्वासाने बोलतो म्हणजे गुरू कसा असेल? मी "चार इस्पिक" म्हणालो. चारची बोली म्हणजे तेरापैकी दहा हात करायचे. रऊफभाईंनी माझ्या भिडूकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "डबल." म्हणजे, तुम्ही हे करूच शकत नाही, आणि बुडलात तर दंड दुप्पट.

आता बोली जिंकलेल्याच्या भिडूने आपली पानं टेबलावर उघडी मांडायची असतात. हैबतरावांनी ती नीट, एकेक करून, पाहुण्यांना विडे ठेवावेत तशी मांडली. बदाम होते. चौकट होती. किलवरची तर गर्दी होती. इस्पिकचं एक पान नव्हतं. मी दोनदा मोजली. मग टेबलाखाली पडलंय का बघितलं.

आम्ही चार हातांनी बुडालो. माझ्या तोंडात जे शब्द आले ते मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले आणि म्हणालो, "असू दे, हैबतराव. होतं असं."

मागे सुंदराबाईंनी समाधानाने मान हलवलेली मला दिसली. मला ती मान अजून आठवते आणि अजून राग येतो.

दुसऱ्या डावात पुन्हा तसंच. मी चौकट बोललो, त्यांनी चौकट वाढवली, रऊफभाईंनी डबल दिलं, आणि हैबतरावांच्या हातात चौकटचं पानच नाही. तिसऱ्या डावात उलटं. मी "एक इस्पिक" म्हणालो आणि हैबतराव "पास" म्हणाले. मी एकावरच अडकलो. पानं उघडली तर इस्पिकचा राजा, गुलाम आणि वर आणखी तीन. ही पाच पानं हातात धरून हा माणूस पास म्हणतो?

"वा," मी म्हणालो. "छान पानं आहेत."

"हायत ना?" हैबतराव लाजून म्हणाले.

माझ्या डाव्या डोळ्याखालची शीर उडायला लागली. बुद्धरत्न सरांनी विचारलं, "दळवीसाहेब, बरं वाटतंय ना?" मी म्हणालो, उत्तम वाटतंय. सगळ्यात जास्त चीड मला रऊफभाईंची येत होती. हा माणूस डबल देतो ते डोळे मिटून देतो आणि एकदाही चुकत नाही. माझा भिडू, माझे होणारे व्याही, मी शिकवलेले, आणि त्यांची बोली मला कळत नाही पण भांड्यांच्या दुकानदाराला कळते?

चहाच्या सुट्टीत मी त्यांना पायरीवर गाठलं. "रऊफभाई, खरं सांगा. तुम्हाला पानं दिसतात का?"

रऊफभाई बशीतला चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "दळवीसाहेब, माझी अम्मी, शमसुन्निसा, तिने कधी घरात 'तांदूळ संपले' म्हटलं नाही. म्हणायची, 'तांदळाला बरकत आहे.' बरकत म्हणाली, की आम्ही पिशवी घेऊन दुकानात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

आमच्याकडे काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं. माझी आईसुद्धा मीठ संपलं की 'मीठ वाढलं' म्हणायची. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. नाही हा शब्द घरात उच्चारायचा नाही. पण ते घरात. ब्रिज हा साहेबाचा खेळ, त्यात मीठ कुठून आलं?

मी तडक हैबतरावांकडे गेलो. ते हॉलच्या दारात उन्हाला उभे होते. दात आवळून, पण आवाज खाली ठेवून मी विचारलं, "तुम्ही माझं इस्पिक वाढवलंत ते कशासाठी?"

"माज्याकडं नव्हतं म्हणून," हैबतराव म्हणाले. "आता लग्न तोंडावर हाय. नाय, संपलं, असं कसं बोलायचं? तुमीच बोललात, वाढवा, मला कळतं. मला वाटलं, पावन्यांचं घर रीतीचं हाय."

"आणि असलं म्हणजे पास का म्हणता?"

"भरलेल्या कणगीचा बोभाटा करू नये. दृष्ट लागते."

माणसाची सबंध पद्धत होती. एकदाही त्याने ती मोडली नव्हती. उलट माझ्यापेक्षा नियमाने तोच वागत होता. याच्यावर ओरडावं कसं, हे न कळल्यामुळे मला आणखी राग आला.

ब्रिजमध्ये भिडूभिडूंचा असा काही संकेत असेल तर तो समोरच्यांना सांगावा लागतो, लपवता येत नाही. म्हणून सुट्टीनंतर मी पंचांना बोलावून सर्वांसमक्ष जाहीर केलं, की माझे भिडू रंग वाढवतात तेव्हा त्यांच्याकडे तो रंग नसतो, आणि पास म्हणतात तेव्हा असतो. पंचांनी विचारलं, ही कुठली पद्धत? मी म्हणालो, पोलादपूरची. मागच्या दोन्ही रांगा हसल्या. सुंदराबाई तर डोळे पुसत होत्या. मीही थोडं हसलो. हैबतराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण आता मला किल्ली सापडली होती.

आणि खरंच, आम्ही सावरलो. डावामागून डाव बरोबरीत आणला. शेवटच्या डावावर फेरी आली. माझ्या हातात बदामची सहा पानं, एक्का आणि राणीसकट, आणि बाहेरही दोन एक्के. असा हात वर्षातून एकदा येतो. मी बोललो, "एक बदाम."

हैबतरावांनी बराच वेळ घेतला. कपाळावर घाम आला होता. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दोन बदाम."

वाढवलं. म्हणजे त्यांच्याकडे बदाम नाहीत. आता मी शहाणा झालो होतो. माणसाला ओळखलं होतं. पुढे गेलो तर बुडणार. मी संयमाने, जड अंतःकरणाने म्हणालो, "पास."

हैबतरावांनी पानं मांडली. बदामचा राजा. बदामचा गुलाम. दश्शी. नव्वी. शेजारी चौकटचा एक्का आणि राजा.

आम्ही बारा हात केले. पण बोली दोनचीच होती, आणि ब्रिजमध्ये जेवढं बोललो तेवढ्याचंच मोल मिळतं. चार बदाम म्हणालो असतो तर फेरी आमची होती. ती रऊफभाईंची झाली.

"अहो, हे काय?" मी म्हणालो.

"तुमच्या पद्धतीनं बोललो," हैबतराव म्हणाले. "सगळी हसली. म्हटलं, शेवटचा डाव हाय, पावन्यांसाठी तरी त्यांच्या पद्धतीनं बोलावं."

ते माझ्यासाठी बदलले होते आणि मी त्यांच्यासाठी. आज हे लिहिताना मला यातला चांगुलपणा दिसतो. त्या वेळी मला फक्त बदामचा राजा दिसत होता. चार संध्याकाळी, पहिल्या डावातलं इस्पिक, स्टँपपेपर, जामिनावर सुटल्यासारखे ते पंधरा दिवस, सगळं एकदम वर आलं. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली.

"हैबतराव, तुमच्याकडे आहे की नाही, हे आयुष्यात एकदा तरी सरळ सांगता येतं का तुम्हाला? रिकामं असलं की भरलंय म्हणायचं, भरलेलं असलं की गप्प बसायचं. आणि मी सुतावरून स्वर्ग गाठत बसायचं? मी पत्ते खेळतोय का पंचांग बघतोय? उद्या माझी मुलगी तुमच्या घरात येणार. ती जेवली का उपाशी आहे, हे तिने कोणत्या भाषेत सांगायचं? अशा घरात मुलगी द्यायची कशी माणसाने?"

हैबतरावांनी पानं गोळा केली, चळत नीट केली, टेबलाच्या मधोमध ठेवली. मग चपला शोधल्या.

"येतो मी, पावनं," ते म्हणाले, आणि गेले.

घरी रेश्माने फक्त माझं ताट वाढलं आणि स्वतःचं वाढलं नाही. श्रुतिका फोनवर म्हणाली, "एक शब्द बोलू नका म्हटलं होतं."

"मी कुठे एक शब्द बोललो?"

"नाही, मला सुंदराबाईंनी व्हिडिओ पाठवलाय." आणि ती रडायला लागली. ती लहानपणीसुद्धा आवाज करून रडत नसे. ऋत्विकही तिचा फोन घेत नव्हता. वडिलांनी त्याला काय सांगितलं असेल ते उघड होतं.

रात्री हैबतरावांचा मोबाइलवर निरोप आला. त्यांच्या गावी डोंगरामुळे रेंज येते आणि जाते, त्यामुळे ते लांब लिहीत नाहीत. निरोपात चारच शब्द होते, 'साखरपुडा वाढवतो आहे. हैबतराव.'

मी तो वाचला आणि खुर्चीत बसलो. सुंदराबाईंना बोलावलं नव्हतं, तरी त्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिवा वाढवतात, तसा साखरपुडा वाढवला हो त्यांनी. रीतीचा माणूस, मोडला म्हणणार नाही." रेश्माने पदर डोळ्यांना लावला. तुळजाबाईंचा, म्हणजे विहीणबाईंचा, फोन लागत नव्हता.

मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. आधी वाटलं, हे मीच मोडलं. आणि लगेच संताप आला. मी चुकलो, मान्य. पण माझ्या मुलीचं लग्न मोडायचं आणि तेसुद्धा शुभ शब्दात? निदान मोडतो म्हणायची हिंमत हवी.

सकाळी उठून आम्ही गाडी काढली. महाड ते पोलादपूर मी रेश्माला माझं भाषण म्हणून दाखवत होतो. कशेडी घाट समोर दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "यातली माफी कुठे संपते आणि भांडण कुठे सुरू होतं, ते मला कळत नाही. त्यांना कसं कळणार?"

हैबतराव अंगणात होते. मांडववाला टेप धरून मापं घेत होता. मी गाडीतून उतरलो तो तसाच त्यांच्यासमोर. भाषण विसरलो.

"वाढवतो म्हणजे काय?" मी विचारलं. "सरळ सांगा. आहे की नाही?"

हैबतरावांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "वाढवतो म्हंजे मोठा करतो. घरच्या घरी ठरलेला, आता सगळी भावकी बोलावतो. भावालापण सांगितलंय. ऋत्विकला कालच पुण्यावरनं बोलावून घेतला, घाटात त्याला रेंज नाय. म्हणून तर हा टेप घेऊन आलाय." मग म्हणाले, "तुमीच शिकवलंत ना? वाढवलं म्हंजे आपल्याकडं हाय, घाबरू नका, फुडं चला."

रेश्माने मांडववाल्याच्या टेपाचं दुसरं टोक धरलं. मी म्हणालो, "पण काल मी तुमच्या घराबद्दल बोललो."

"बोललात. सगळ्यांदेखत बोललात. मी उठलो तो मोडायचं ठरवूनच उठलो. येऊन हिला सांगितलं."

तुळजाबाई दारात येऊन उभ्या होत्या. हाताला तांदळाचं पीठ होतं. लग्नाच्या बैठकीत मी त्यांचं बोलणं फारसं ऐकलं नव्हतं. त्या दोन पायऱ्या उतरून खाली आल्या.

"भाऊ, माझ्या लग्नाची बोलणी ह्याच अंगणात झाली," त्या म्हणाल्या. "ह्यांची माणसं वर बसलेली. माझा बाप हितं, खाली, उभा. त्याला कोण बस म्हटला नाय. सासरा काय काय बोलला. माझ्या रंगावर बोलला, आमच्या घरावर बोलला. बाप नुसता 'होय जी, होय जी' करत होता. मला नंतर माझ्या भावानं सांगितलं, परतीच्या वाटेला तो ओढ्याला तोंड धुवायला गेला तो लवकर वर आला नाय. मी जलमभर म्हणत आले, एकदा तरी ओरडायला हवा होता तो. एकदा तरी." त्यांनी हाताचं पीठ झाडलं. "काल हे आले नि बोलले, पोरीचा बाप माझ्यावर भर लोकांत ओरडला, मोडतो. मी बोलले, मोडायचं नाय. मोठा करायचा."

हैबतराव जमिनीकडे बघत होते. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. पण ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो माणूस पडवीत फोटोला हार घालून टांगलेला होता.

तुळजाबाईंनी मांडववाल्याची एक खुर्ची उचलली, अंगणाच्या मधोमध ठेवली, आणि म्हणाल्या, "बसा."

मी बसलो. बसल्यावर दिसलं, की हैबतराव माझ्यासमोर उभेच आहेत, हात बांधून, खाली, पायरीशी. मला ते बघवेना.

"अहो, उभे काय राहताय? बसा की," मी म्हणालो. आवाज माझ्या सवयीप्रमाणे चढला. मांडववाल्याच्या हातातला टेप सुटला.

"बसतो," हैबतराव म्हणाले, "पण जरा हळू बोला, पावनं. शेजार ऐकतोय."

"नाय," तुळजाबाई म्हणाल्या. "मोठ्यानंच बोला, भाऊ."